ढमी झोपली आहे

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: गुरांच्या नव्हे, कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडची बाहेरची खोली. म्हातारे मास्तर आपला कुत्रा घेऊन बसले आहेत आणि समोरच्या बाकावर मांजर घेऊन आलेल्या मावशी-भाचीचं बोलणं चाललं आहे.

“मावशी, माणसं आणि प्राणी पूर्वी कसे एकत्र राहायचे, यावर तू पीएचडी केलीस. मग आमच्या ढमीला हात का लावत नाहीस?”

“पुस्तकातलं मांजर बोचकारत नाही गं!”

“घे तरी मांडीवर. बघ, झोपलीसुद्धा!”

“अगबाई! आता हलू कशी? आणि फोन वाजतोय, विद्यापीठातल्या बाईंचाच! संशोधनाची जागा मिळाली की नाही, ते सांगणार आहेत. तूच घे, हळू बोल.”

“हॅलो? मावशीला बोलता येणार नाही. तिच्या मांडीवर मांजर झोपलंय… हो, आयुष्यात पहिल्यांदाच… बरं, सांगते.”

“काय म्हणाल्या बाई?”

“म्हणाल्या, मांजराला उठवू नका. जागा तुलाच दिली!”

मास्तरांनी टाळी वाजवायला हात उचलले.

“शूऽऽ!” दोघी एकदम म्हणाल्या.

मग भाची वाकली आणि तिनं ती बातमी पुन्हा एकदा, अगदी हळू, ढमीच्या कानात सांगितली.