टोचनची गाडी आणि घरची गाडी

माझं नाव बाळाराम. जन्म वाड्याच्या अलीकडच्या एका खेड्यातला, आणि त्या गावाविषयी सांगायचं तर आधी आमच्या अंगणातल्या बैलगाडीविषयी सांगावं लागेल. वडील गवताची भारगाडी हाकत. पावसाळा सरला की माळावरचं गवत कापायचं, भारे बांधायचे आणि भिवंडीच्या वखारीत आणून टाकायचे, तिथून ते पुढे मुंबईच्या तबेल्यांकडे जायचे. जाड लाकडाची, लोखंडी धावेची ती गाडी खडकावरून गेली तरी तिला काही वाटायचं नाही, वर बसलेल्या माणसाला मात्र सगळं वाटायचं. म्हणून आईला माहेरी न्यायची झाली की वडील शेजारच्या गोमाकाकांकडे जात आणि त्यांचा छकडा, म्हणजे माणसांची हलकी बैलगाडी, मागून आणत. घरात गाडी असताना. मी एकदा विचारलं, आपली हाय ना गाडी, मग मागायची कशाला? वडील म्हणाले, अरे, ती गवताची हाय, तुझी आये काय गवत न्हाय. एवढंच बोलले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. काय सांगू तुम्हाला, हे वाक्य मला पन्नाशी उलटल्यावर समजलं, आणि तेही उशिराच.

भिवंडीत आलो तो दुसऱ्यांचे टेम्पो चालवायला. कामतघरच्या चाळीत खोली, दापोड्याच्या गोदामांत ड्युटी. कुसुमशी लग्न झालं ते इथे आल्यावर, तिचं माहेर आमच्याच बाजूचं, तिथे तिची आई आणि भाऊ. मुलगी झाली, तिचंही लग्न होऊन ती सासरी गेली, आणि मग आपली स्वतःची एक गाडी असावी असं मनाने घेतलं. माणसाच्या मनाने एकदा घेतलं की ते कारणं आपोआप शोधतं, असा माझा अनुभव आहे.

दुकानात दोन पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक दोन रांगांच्या केबिनची, मागे घरच्या माणसांना बसायला जागा, मालाचा हौदा आखूड, आणि चालायला अशी मऊ की खड्डा आला हे डोळ्यांनी पाहावं तेव्हाच कळावं. दुसरी एकाच केबिनची, हौदा लांब, सांगाडा जाड, आणि मागचे कमानपाटे, म्हणजे गाडीचा भार ज्यांच्यावर तोलला जातो त्या पोलादी पट्ट्या, एकावर एक अशा रचलेल्या की पाहूनच छाती भरून यावी. कुसुमला दोन्हींत बसवलं, एक फेरी मारून आणली. पहिलीतून उतरली ती हसतच. म्हणाली, अहो, पोटातलं पानी हलत न्हाय हिच्यात, आयेला आनू आपन हिच्यातून. दुसरीतून उतरली आणि म्हणाली, हिच्यात बसलं की आपन सासरी चाललोय असं वाटतं. दुकानातला माणूससुद्धा हसला.

मी दुसरी घेतली. त्याचं कारण मानकोली. मानकोलीच्या नाक्यावर एकही दिवस असा जात नाही की एखादा टेम्पो बंद पडला नाही, आणि बंद पडलेली गाडी ओढून नेणाऱ्याला, म्हणजे आमच्या भाषेत टोचन लावणाऱ्याला, लोक देवासारखी हाक मारतात. मऊ गाडीने टोचन होत नाही. ओढणाऱ्या गाडीची पाठ ताठ लागते, नाहीतर भार मागे खेचतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात नुसतं फिरत राहतं. हे सगळं खरंच आहे, आजही मी तेच सांगेन. चूक तिथे नव्हती. घरालाही हीच चालेल, असं मी कुसुमला म्हणालो, ती चूक. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मी होकार धरला. हीही माझी एक सवय.

पुढे मागच्या हौद्यात बंद गाड्या उचलायचा लोखंडी हात बसवला आणि त्याच्या भारासाठी इस्माईलभाईंकडून पाटे वाढवून घेतले. इस्माईलभाई म्हणजे आमच्या नाक्यावरचे कमानपाट्यांचे मिस्त्री, माझ्याच वयाचे, तोंडाने फटकळ आणि मनाने निर्मळ. ते तेव्हाच म्हणाले होते, बाळारामभाई, अब ये गाडी भार उचलेल, पण रिकामी असली की घोड्यासारखी उडेल. भाभीको बिठाना हो तो पीछे रेती डालना. इथली पद्धतच आहे ती. पाटे वाढवलेल्या गाडीतून घरचं माणूस न्यायचं तर हौद्यात रेतीच्या गोणी टाकतात, त्या वजनाने गाडी दबून चालते. मीही टाकत असे.

त्या दिवशी सासूबाईंकडे जायचं ठरलं होतं. सकाळी नाक्यावर एक ट्रेलर उतारावर अडकला होता, त्याच्या चाकांमागे लावायला माझ्या गोणी दिल्या आणि घाईत तिथेच सोडून आलो. कुसुम नवी साडी नेसून उभी होती. हौद्यात डोकावून म्हणाली, गोनी कुठं हायेत? मी म्हणालो, राहू दे, हळू नेतो. आणि नेतही होतो हो हळू. पण मध्येच फोन आला, दुसरी गाडी बंद पडली होती, लोक वाट पाहत होते, आणि तिला सोडून लगेच परतायचं या विचाराने माझा पाय दाबला गेला. गावाच्या अलीकडे गतिरोधक होता, त्यावर पांढरे पट्टे नव्हते. गाडी उडाली. कुसुम एवढंच म्हणाली, आई गं. मी विचारलं, लागलं का? ती म्हणाली, न्हाय, चला. आणि आईसमोर जाऊन, पदर सावरून, दिवसभर ताठ बसून राहिली.

मणका दबलाय, असं डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं. पट्टा बांधा, झोपून राहा, काही महिने प्रवास नको.

आता जे सांगतो ते मला जास्त जड जातं. गतिरोधक हा अपघात होता, असं कोणीही म्हणेल, कुसुमही म्हणते. पण त्यानंतरचं जे झालं तो अपघात नव्हता. झोपून राहायचे महिने संपले, डॉक्टर म्हणाले, आता चांगल्या गाडीतून, सांभाळून जायला हरकत नाही. तिकडे सासूबाई खाटेला खिळल्या होत्या. मेहुण्याचा फोन येई, दाजी, आये सारखी ताईचं नाव घेते, एखादी गाडी करून तिला धाडा की. आणि मी प्रत्येक वेळी म्हणे, घरची गाडी असताना भाड्याची कशाला, मी स्वतः घेऊन येतो, गाडीचं तेवढं काम करून घेतो.

काम म्हणजे वाढवलेले पाटे काढणं. पण काढले की टोचन बंद, म्हणून एकदम काढवेनात. एक पाटा काढायचा आणि पाहायचं. पाहायचं कसं, तर कुसुमच्या जागेवर पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी ठेवायची, खाली गोणपाट, आणि कामतघरहून मानकोलीपर्यंत जाऊन यायचं. पाणी सांडलं की परत इस्माईलभाईंकडे. मध्ये टोचनचं काम आलं की तेही करायचं, लोक अडलेले असतात, नाही म्हणवत नाही. असे आठवडे गेले. एकदा इस्माईलभाई ओलं आसन पाहून वैतागले, म्हणाले, अरे भाई, ये गाडी है के पानी की टाकी? भाभीला मायके जायचंय, कळशीला नाही. दुसऱ्याच्या गाडीतून पाठव ना. मला ते लागलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आज त्याचा विचार करतो तेव्हा वाटतं, कुसुमला आईला भेटायचं होतं, आणि मला क्षमा मिळवायची होती. ज्या गाडीने दुखवलं त्याच गाडीने तिला सुखरूप पोचवायचं, म्हणजे हिशेब मिटला, असं काहीतरी माझ्या मनात होतं. तिची भेट मी माझ्या प्रायश्चित्ताच्या मागे बांधली होती, बंद गाडीसारखी, आणि ओढत होतो. ती कधी म्हणालीही नाही की मला दुसऱ्या गाडीतून पाठवा. एकदाच म्हणाली, तुमची कळशी कधी पोचायची हो? मी हसलो. ती हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

एक पाटा काढायचा उरला होता. मी दुपारी ओलं गोणपाट पिळत दारात आलो तर ती पलंगावर बसली होती, फोन मांडीवर उपडा. म्हणाली, आये गेली. मग माझ्या हातातल्या गोणपाटाकडे पाहून म्हणाली, ते वाळत घाला, वास मारंल.

त्या दिवशी चाळीतल्या एका शेजाऱ्याने आपली लहान गाडी काढली. मला मागावंही लागलं नाही. मागच्या आसनावर उशा लावून कुसुमला बसवलं, सोबत शेजारच्या दोन बायका. जागा उरली नाही, म्हणून मी माझी पिकअप घेऊन मागून निघालो. रस्ताभर मला मागच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं. गतिरोधक आला की ती गाडी थांबल्यासारखी व्हायची, अलगद चढायची, अलगद उतरायची, आणि तिचं डोकं जागचं हलायचं नाही. एवढं सोपं होतं ते. मी मागे होतो आणि माझी रिकामी गाडी उडत होती.

मेहुण्याने ओटीवरची खाट दाखवली. सासूबाईंनी ती मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून लावून घेतली होती. पिकअप गेली की विचारायच्या, आमच्या कुसमीची का? आणि तो म्हणे, न्हाय आये, दुसऱ्याची. हे त्याने मला दोष देण्यासाठी सांगितलं नाही. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

शेवटचा पाटा नंतर काढला. लोखंडी हात इस्माईलभाईंना देऊन टाकला. आता दापोड्याहून पुठ्ठ्याची खोकी नेतो, हलकं काम, तेवढ्यावर आमचं दोघांचं भागतं. गाडी आता खरोखर चांगली चालते, पण कुसुम तिच्यातून कुठे जात नाही. रागाने नव्हे. तिचा हात दरवाज्याच्या कडीपर्यंत जातो आणि मागे येतो. मी आग्रह करणं सोडलं आहे. मात्र दुपारी गाडी चाळीपुढे उभी असते तेव्हा ती पुढच्या आसनावर येऊन बसते. खोलीतल्या खुर्चीपेक्षा त्या उंचीवर तिच्या पाठीला बरं वाटतं. दार उघडं, पाय पायरीवर, मांडीत भाजी निवडायचं सूप. पहिल्या दिवशी बसण्याआधी म्हणाली, किल्ली काढा आन माझ्याकडं द्या. मी दिली. तेव्हापासून ती बसायच्या आधी किल्ली तिच्या हातात जाते, आणि कामाला निघताना तिच्याकडून मी मागून घेतो.

तुम्ही हे लिहून घेताय, तर वाचणाऱ्यांना माझ्याकडून एवढं सांगा की तुमची माणसं सुखात पोचोत, मग गाडी कोणाची का असेना. मागण्यात कमीपणा नाही. आमच्या वडिलांना तो कधी वाटला नाही.

बरं, उठतो आता. ऊन कलायला लागलं, ती दारात सूप घेऊन उभी असेल, आणि किल्ली अजून माझ्याच खिशात आहे.