तीन चेंडू

[हॉस्पिटलचा वॉर्ड. खाटेवर कुसाबाई, शेजारी तिचा नवरा नाथा; फिजिओथेरपिस्ट चैताली तिच्या हातात फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र देते.]

चैताली: काकू, फुंकायचं नाही, ओढायचं. नळीतून श्वास आत घेतला की तिन्ही चेंडू वर जातात.

कुसाबाई: सारा जन्म चूल फुंकण्यात गेला, पोरी. आता उलटा वारा कुठून आणू?

चेंडू: …

चैताली: आज तिन्ही उचलले तरच डॉक्टर उद्या ऑपरेशन करतील. स्ट्रॉनं उसाचा रस पितो ना, तसं.

कुसाबाई: मी गिलास तोंडाला लावते.

नाथा: आण इकडं! पोरांच्या खेळण्याचा काय बाऊ करती?

चेंडू: टक्-टक्-टक्.

चैताली: काका, ते पेशंटचं आहे! आता नळी बदलावी लागणार. पण… पहिल्याच दमात तिन्ही?

नाथा: चाळीस वर्सं बिडी ओढतो, ताई.

कुसाबाई: बघ! बिडी ह्यांनी ओढायची आन् डाग माझ्या फुप्फुसात!

चैताली: बिडीमुळे नाही हो. आतड्याचा कॅन्सर काढला होता ना तुमचा? तोच वर पसरलाय.

कुसाबाई: म्हंजी हरळी. खालच्या वावरातून उपटली, ती वरच्यात निघाली.

चैताली: दोनच ठिकाणी आहे, म्हणून तर काढता येतंय. ही घ्या नवी नळी.

नाथा: ऐक माझं. डोळे मिट. हातात बिडी हाय समज. गाल आत… हळू… विझू देऊ नको.

चैताली: काका! कॅन्सरच्या वॉर्डात बिडी शिकवताय?

चेंडू: टक्.

चैताली: …शिकवा, शिकवा.

चेंडू: टक्.

नाथा: दोन झाले! आता असं समज, मी लपून ओढतोय आन् तुझा आवाज आला. पटकन संपवायची हाय!

चेंडू: टक्!

कुसाबाई: हां… गोठ्यामागं असं ओढता व्हय?

नाथा: तुला ठावं हाय?

कुसाबाई: म्हशीला बी ठावं हाय. बंडल काढा खिशातलं.

नाथा: आन् उद्या तुला आत नेल्यावर मी भाईर काय करू?

कुसाबाई: जवळ या. सांगते.

[दुसरा दिवस. ऑपरेशन थिएटरबाहेरचं बाकडं.]

चेंडू: टक्-टक्-टक्.

चैताली: काका, सकाळपासून हेच चाललंय? चक्कर येईल.

नाथा: बोलायला लावलं ना! पडले खाली.

चैताली: पडू द्या की.

नाथा: नाय. ती आत हाय तवर वर धरायचे, सांगून गेलीय.