खालच्या जबड्याची डावी बाजू

गोजराबाई, वय अंदाजे छत्तीस, जात कुणबी, धंदा शेती, राहणार आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा अकोला. तारीख ९ मार्च १९३८, सकाळी अंदाजे आठ वाजता.

मी आपण होऊन ठाण्यावर हजर राहून सांगते की, काल दिलेला माझा जबाब खोटा आहे. अडाण नदीच्या रेतीत सापडलेला जबडा माझ्या पतीचा नाही, असे मी काल सांगितले. तो त्यांचाच आहे. मला कोणी दटावले नाही की पढवले नाही. मी इथे आल्याचे दीर शालिग्राम यांना माहीत नाही.

सात वर्षांपूर्वी भाद्रपदात पती कामरगावहून बैलगाडी घेऊन परत येत असता नदीला पूर आला. जू तुटून बैल घरी आले, पती आले नाहीत. गावाने ते बुडाले असे धरले. मी धरले नाही. प्रेत कोणी पाहिले नव्हते, म्हणून मी कुंकू लावत राहिले आणि लोकांची बोलणी खात राहिले.

काल डॉक्टरसाहेबांनी जबडा टेबलावर ठेवून मला एकेक जागा दाखवली. पुढे हनुवटीचा उंचवटा, त्याच्या दोन्ही अंगांना शीर बाहेर पडते ते बारीक भोक, मागे कानाखाली हाड वर वळते तो कोन, आणि वर दोन टोके. पुढचे चपटे, मागचे गोल. गोल टोक कानापुढच्या खोबणीत बसते आणि त्यावर तोंड उघडते-मिटते. हनुवटी चौकोनी आहे, कोन रुंद आहे, म्हणून हाड पुरुषाचे, असे ते म्हणाले. मला या जागा सगळ्या ठाऊक होत्या. नावे तेवढी ठाऊक नव्हती.

कारण असे की, लग्नाच्या सहाव्या वर्षी बैलाच्या लाथेने पतीचा जबडा डाव्या बाजूला मोडला, ते भोक आणि तो कोन यांच्या मधोमध. हळद-तुरटीचा लेप लावून, हनुवटीखालून डोक्यावर धोतराची पट्टी बांधून मी त्यांना चाळीस दिवस ज्वारीची पेज पाजली. बोलता येत नसल्याने ते नुसते डोळे वटारायचे आणि मला हसू फुटायचे. माझ्या संसारातले सर्वांत चांगले दिवस तेच. हाड जुळले, पण खालच्या काठाला हरभऱ्याएवढी गाठ राहिली. काल बोट ठेवताच ती लागली.

तरी मी नाही म्हटले. जाऊ रंगूबाई मागेच उभी होती. मी हो म्हणताच तिने तिथल्या तिथे माझ्या बांगड्या फोडल्या असत्या. शिवाय कळून चुकले तरी मला आणखी वाट पाहायची होती. सात वर्षे मी दुसरे काही केलेले नाही.

आज येण्याचे कारण, हाड बेवारस म्हणून पुरून टाकू, असे जमादारसाहेब काल जाताना बोलले. ते बेवारस नाहीत. त्यांना अग्नी मिळाला पाहिजे. बांगड्या मी पहाटे स्वतःच उतरवल्या, कोणाला फोडू दिल्या नाहीत. जबडा माझ्या ताब्यात मिळावा.

यावर जमादारसाहेबांनी विचारले, "बाई, गाठ लगेच लागली, तर मंग घंटाभर हाड हातात काहून धरून बसल्या होत्या?"

मी म्हटले, "सात वर्सांनं हाती लागले जी ते. लगेच कसं सोडू त्यायले?"

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेच आहे, त्यात कमीजास्त नाही.

निशाणी अंगठा, गोजराबाई.