हैद्राबादचं पानी

(तेलुगू मुलखाच्या सीमेवरचं, भीमपूरजवळचं एक मराठी गाव, पैनगंगेचा काठ. भादव्यातली संध्याकाळ. प्रयागबाई ओल्या वाळूत बसल्यात. बाजूला तांब्या आणि एक गठुडं. त्यांचा मुलगा नागनाथ दुपारच्या बसनं हैद्राबादहून आलाय.)

नागनाथ : चल ना माय घरी. बाबा वाट पाहून राह्यले.

प्रयागबाई : पाहू दे. आजून उजेड हाय.

नागनाथ : अन् हे गठुडं कशाचं?

प्रयागबाई : राहीचा पोशाख होय. तो पिवळा. पान्यातून ओली येईन पोरगी, आंगावर कोरडं नोको का काई?

नागनाथ : माय...

प्रयागबाई : माय माय नोको करू. बस इथं. मले येक सांग. तुह्या हापिसात पुराच्या पान्याचं पाह्यतेत ना कॉम्प्युटरमंधी? कोन्या गल्लीत शिरते, कुठून निंगते?

नागनाथ : पाहतात.

प्रयागबाई : मंग तूच पाह्य ना बाप्पा त्याच्यात, आपली राही इथं कवा येते ते.

नागनाथ : असं नसते माय.

प्रयागबाई : कसं नसते? वाहून गेली, वाहून गेली म्हन्ता सारे. वाहून गेलेलं कुठीतरी लागतेच ना? मागच्या पुरात भगवानरावची म्हैस गेली, ते त्या खालच्या वळनावर सापडली. म्हैस देते नदी, अन् मायी पोरगी काऊन देत नाई?

नागनाथ : महिना होऊन गेला.

प्रयागबाई : हैद्राबाद काय जवळ हाय? अन् तुहा बाप पाह्य, पळसाची पानं तोडून बसला. अंग सापडत नाई त उद्या म्हने पानाची राही कराची, अन् जाळाची. भटजीलेही सांगून आला. इकडं पोरगी वाटेत अन् तिकडं तिचं सरन! मी नाई करू देनार. तू मशीन लाव आदी.

नागनाथ : मशीनमध्ये माणसं नसतात, माय.

प्रयागबाई : मंग काय असते?

नागनाथ : हे बघ. ही वाळू म्हंजे हैद्राबाद. आपन वांग्याले वाफे पाडतो ना, तसे आमी साऱ्या शहराचे वाफे पाडतो. कोणता उंच, कोणता खोल, ते भरतो. नाला कुठून जाते ते. अन् हे गोटे मांडले, हे घरं. आता तांब्या दे. हा पाऊस.

प्रयागबाई : अगा, हळू. सारं पानी त गोट्याइतच अडकलं!

नागनाथ : घराले घर लागून हाय ना. नाल्यावरही बांधले लोकायनं. पान्याले जागा कुठं हाय? मंग ते गल्लीतून धावते.

प्रयागबाई : तुमी राहत होते त्या गल्लीतून?

नागनाथ : हो.

प्रयागबाई : हे तुह्या मशीनले दिसलं होतं?

नागनाथ : दिसलं होतं.

प्रयागबाई : अन् तू राहीले सांगितलं नाई?

नागनाथ : वेळेवर नाई दिसलं, माय. त्या दिवशी दुपारीच आभाळ फाटलं. मी हापिसात त्याच दिवसाचा पाऊस भरला अन् मशीन लावली. आमची मशीन लय हळू. हिशोब कराले अख्खी रात घेते. पानी त दिवेलागणीलाच आलं. दुसऱ्या दिवशी मी चिखलात राहीले हाका मारत फिरत होतो. मंग कधीतरी हापिसात गेलो, त कागद टेबलावर पडून होता. आमची गल्ली त्याच्यात निळी दाखवली होती. बरोबर दाखवली होती.

प्रयागबाई : (वाळूतले गोटे एकेक करून बाजूला काढतात.)

नागनाथ : बोल ना काई. शिव्या तरी दे. नर्सिंग शिकाले मीच घेऊन गेलो तिले.

प्रयागबाई : शिव्यानं येते का ती? येत असन त देते, रोज देते. डोये पूस आदी. नकटं नाक लाल करून बसला, लहानपनी बसे तसा. मले खालचं सांग. गल्लीतून कुठी गेलं पानी?

नागनाथ : नाल्यात. नाल्यातून मुसी नदीत.

प्रयागबाई : अन् मुसी पैनगंगेत.

नागनाथ : नाई माय.

प्रयागबाई : नाई कसं? पानी सारं नदीलेच येते ना?

नागनाथ : मुसी कृष्णेत जाते. आपली पैनगंगा दुसरीकडून गोदावरीले जाते. हैद्राबादचं पानी इकडं येत नाई. येऊच शकत नाई.

प्रयागबाई : खोटं बोलून राह्यला तू! उद्याचं उरकाव म्हून बापानं पढवलं तुले.

धोंडीबा : मी काई पढवलं नाई त्याले.

प्रयागबाई : तुमी कवा आले?

धोंडीबा : आत्ताच. दिवस बुडला, म्हून आलो पाहाले.

प्रयागबाई : ऐकलं ना, तुमचं पोरगं काय म्हन्ते ते? खरं हाय हे?

धोंडीबा : हाय.

प्रयागबाई : तुमाले माईत होतं?

धोंडीबा : होतं. पयल्या दिवसापासून.

प्रयागबाई : अन् मले रोज येऊ देलं इथं? भोयाइच्या पाया पडली मी, जाळी टाका म्हून. साऱ्या गावानं पाह्यलं मले गठुडं घेऊन बसताना. हसले असतीन लोकं!

धोंडीबा : कोनी नाई हसलं. भोयाइलेही माईत होतं. त्याइनं तरी टाकली जाळी.

प्रयागबाई : काऊन सांगितलं नाई मले? तोंडाले कुलूप होतं का?

धोंडीबा : तू खाटेवरून उठत नोहती. पानी घेत नोहती. मंग येका सकाळी उठली, केस विंचरले, म्हने नदीवर जातो. मले वाटलं, जाऊ दे. निदान उठली त.

प्रयागबाई : लय शाने तुमी.

धोंडीबा : शाना कायचा. मलेही रडाचं हाय, राहीची माय. महिना झाला, मले रडताच नाई आलं. तू वाट पाहून राह्यली, अन् मी तुह्यापुढं कसा रडू?

नागनाथ : बाबा, बसा. बसा इथं.

प्रयागबाई : धर त्याइले. वाळू खचते तथी.

नागनाथ : माय, येक सांगू?

प्रयागबाई : आजून काय राह्यलं सांगाचं?

नागनाथ : त्या दोन्ही नद्या खाली समुद्रातच जातात. कृष्णा अन् गोदावरी. येकाच समुद्रात, येकमेकीच्या जवळच.

प्रयागबाई : हे खरं, का माया जिवाले बरं वाटाव म्हून?

नागनाथ : खरं. शाळेत तेलुगूच्या सरांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं होतं.

प्रयागबाई : म्हंजे इथून राख सोडली, त तथी भेटन तिले?

नागनाथ : भेटन, माय.

प्रयागबाई : ती त पोचलीही असन आता.

धोंडीबा : असन.

प्रयागबाई : येकटीच गेली वो मायी पोरगी. येवढ्या लांब.

धोंडीबा : मंग उद्या भटजीले येऊ देऊ?

प्रयागबाई : पानं किती आनले तुमी?

धोंडीबा : टोपलंभर हायेत.

प्रयागबाई : टोपल्यानं काय होते? सकाळी आजून आना. मायाहून चार बोटं उंच होती राही. हा पोशाख नीट बसला पायजे तिले.