परवाची ओळख

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या स्टुडिओचे मालक; शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे, ज्यांची कंपनी परदेशी सिनेमे आमच्याकडे आपल्या भाषेत आणायला पाठवते; आज ज्यांना निरोप द्यायचा आहे त्या आमच्या बाई; त्यांची लेक; आणि समोर बसलेले सर्व आवाज. तुम्हाला चेहऱ्याने कोण ओळखतं, म्हणून आवाजच म्हणतो. सर्वांना माझा नमस्कार.

हा माइक शिट्टी मारतो आहे. सभागृह ध्वनीच्या माणसांनी भरलं आहे आणि माइक शिट्टी मारतो आहे. असो. दुरुस्त करायला कोणी उठू नका, चौघं याल आणि चार मतं द्याल.

निरोपाचं भाषण म्हटलं की हल्ली सगळे माझ्याकडे बघतात. मी सगळ्यांत जुना. माणसं जातात, मी दोन चांगले शब्द बोलतो, चहा होतो आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत हेडफोन लावून ध्वनिमुद्रणाला बसतो. खरं सांगू का, मी थकलो आहे. कान थकले, कंबर थकली, चांगले शब्दही थकले. पण बाईंसाठी नाही म्हणवेना.

बाई काय करायच्या, ते पाहुण्यांसाठी सांगतो. पडद्यावरचा माणूस परक्या भाषेत बोलतो, त्याचे ओठ हलतात. त्या ओठांवर बसतील असे आपले शब्द बाई लिहून द्यायच्या. नुसता अर्थ जुळून भागत नाही. त्याचे ओठ मिटले की आपल्या शब्दातही प, ब, म असं काहीतरी यावं लागतं. नाहीतर आवाज एक सांगतो आणि तोंड भलतंच. घरी भांडतानाही ही माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघते, अशी मास्तरांची कायमची तक्रार होती.

मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. दिवसा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्याकडे आवाज द्यायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. माझे ते मित्र होते, तेव्हा पुढे कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

तर तो लिफ्टचा सिनेमा. तुमच्यातल्या निम्म्यांनी तो लहानपणी पाहिला असेल. एका जुनाट हॉटेलच्या लिफ्टमध्ये सासू आणि जावई अडकतात. लिफ्ट मजले दाखवायचं सोडून वर्षं दाखवायला लागते आणि दोघं थेट लग्नाच्या आधीच्या काळात उतरतात. सासूबाई खूश. आता हे लग्न होऊच द्यायचं नाही, असं त्यांच्या मनात. जावई घाबरलेला, कारण लग्न वाचवायचं आहे. मग स्वयंपाकघरातून, छपरांवरून, एका घोड्यावरून पळापळ. जावयाचा आवाज मास्तरांचा. सिनेमा इतका चालला, की मास्तर वर्गात फळ्याकडे वळले की मागून पोरं 'सासूबाई, उतरा' म्हणायची.

शेवटी जावयाला आपली बायको भेटते, पण ती अजून त्याला ओळखत नाही. लिफ्टचं दार लागताना ती विचारते, आपली ओळख कधीची? आणि तो म्हणतो, "परवाची."

आता बघा. त्याच्यासाठी ती ओळख होऊन गेलेली. तिच्यासाठी अजून व्हायची, आणि खरोखर दोनच दिवसांनी. आपल्या भाषेत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. लोक हसले आणि हसता हसता गप्प झाले. पुढे एका चर्चासत्रात कोणा विद्वानांनी त्या एका शब्दावर तासभर व्याख्यान दिलं. बाई पहिल्या रांगेत होत्या. शेवटी त्यांना बोलायला सांगितलं, तर म्हणाल्या, अहो, त्याचे ओठ मिटत होते म्हणून 'प' घेतला.

यंदा पाहुण्यांच्या कंपनीने तो सिनेमा पुन्हा पडद्यावर आणायचं ठरवलं. चित्र धुऊनपुसून लख्ख केलं. पण जुन्या आवाजात खरखर फार, आणि भाषाही आजच्या पिढीला जड. तेव्हा संवाद नवे, आवाज सगळे नवे. काम अर्थातच बाईंकडे, निवृत्तीच्या तोंडावर. आम्हाला वाटलं, बाई नाही म्हणतील. निदान मास्तरांचा आवाज राहू द्या, एवढं तरी म्हणतील. त्या म्हणाल्या, कधी सुरू करायचं?

बाईंनी आणि मी सिनेमा पुन्हा पाहिला. खरं सांगतो, तो तेवढा चांगला नाही. लिफ्ट पुठ्ठ्याची आहे हे आता दिसतं. घोडा दर वेळी वेगळा आहे. विनोद तर निम्मे शिळे. सासूबाई मात्र तेव्हाही झकास होत्या, आताही आहेत. बाई वही घेऊन बसल्या होत्या आणि जावई बोलायला लागला की खाली बघत होत्या.

मग ध्वनिमुद्रण सुरू झालं. जावयाला नवा आवाज, चांगला कलाकार, इथेच बसला आहे. सगळं सुरळीत झालं आणि आम्ही त्या एका शब्दापाशी आलो. त्याने म्हटलं, "परवाची." काचेच्या अलीकडून बाई म्हणाल्या, पुन्हा. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा. हळू म्हणून झालं, हसून म्हणून झालं, घसा बसत आला. शेवटी त्याने बिचाऱ्याने विचारलं, बाई, मागचा परवा म्हणू की पुढचा? बाई म्हणाल्या, पुन्हा.

मी समोरच्या पडद्यावर आवाजाची पट्टी बघत होतो. ओठ जुळत होते, आवाज स्वच्छ होता, काही म्हणजे काही चुकत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंनी एकदा 'झालं' म्हटलं, की मास्तर त्या सिनेमातून गेले. बाकीची सगळी वाक्यं त्यांनी मन घट्ट करून दिली होती. हे एक सुटत नव्हतं.

मी माइक बंद केला आणि म्हटलं, बाई, एवढा एक शब्द मास्तरांचाच ठेवू. मी खरखर काढतो, कोणाला कळणारसुद्धा नाही. पाहुण्यांनी माफ करावं, पण मी तसं म्हणालो. बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "नको. एका शब्दापुरते कशाला राहतील ते?"

त्या उठून आत गेल्या. त्या कलाकाराला म्हणाल्या, यांच्यासारखं म्हणायला जाऊ नकोस, तुझी बायको समोर आहे असं समज. त्याने म्हटलं. बाई तिथूनच म्हणाल्या, झालं, पुढचं घ्या. आणि आम्ही पुढचं घेतलं.

जुना आवाज कंपनीच्या नियमाप्रमाणे पुसायचा होता. पुसण्याआधी मी विचारलं, घरी ठेवायला एक प्रत करून देऊ का? मला वाटलं, आता तरी डोळ्यांत पाणी येईल. माझ्या तर आलंच होतं. बाई हसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तो आवाज जावयाचा आहे. घरी हे स्वतःच्या आवाजात बोलायचे. तो आपण कधी घेतलाच नाही, मग तो पुसणार कोण?"

इतकी वर्षं मी माणसांचे आवाज जपले, असं मला वाटत होतं. त्या दिवशी मी बटण दाबलं आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो. बाईंनी चहा आणून दिला.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघायला सुरुवात केली आहे, तेव्हा आवरतं घेतो. पाहुण्यांनी वेळ काढला, मालकांनी सभागृह दिलं, लेकीने आईला इथवर आणलं, तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर म्हातारा दमला होता म्हणून सोडून द्या.

बाई, आता तुम्ही बोला. समोर पडदा नाही. कोणाच्या ओठांशी जुळवायचं नाही. तुमच्या आवाजात बोला, मी आज मुद्रण करत नाहीये.