नखभर रेघ

मेकॅनिक : पाठवलात का पेपर, मॅडम?

संशोधक : बारा वाजता पाठवायचाय. सकाळपासून सरांचे तीन फोन झाले. का हो, काका?

मेकॅनिक : सहज. शुक्रवारी पडद्यावर ती रेघ उंच आली म्हणून तुम्ही उड्या मारल्यात. नक्की कशाची हो ती?

संशोधक : तुटलेल्या रेणूच्या तुकड्यांची! जितके तुकडे जास्त, तितकी ती उंच. काजळीत असतात तसले रेणू अवकाशातल्या ढगांतही असतात. ताऱ्याचा अतिनील उजेड पडला की आधी त्यातला इलेक्ट्रॉन उडतो आणि मग रेणूच तुटतो. आपण या डब्यातली हवा काढून तेच केलं. ताऱ्याऐवजी दिवा, एवढंच.

मेकॅनिक : आणि उजेडाऐवजी दुसऱ्याच कशाने तुटला असेल तर?

संशोधक : आत दुसरं आहेच काय?

मेकॅनिक : दाबाचा मीटर.

संशोधक : तो मोजणीच्या वेळी बंद असतो.

मेकॅनिक : असायला हवा होता.

संशोधक : काका!

मेकॅनिक : पंप कुरकुरत होता हो. तुमची तीन वर्षं त्याच्या जिवावर. म्हटलं, दाबावर लक्ष असू द्यावं, म्हणून मीटर चालूच ठेवला.

संशोधक : अहो, त्या मीटरची तार लालभडक तापते, इलेक्ट्रॉन फेकते! तेही रेणू फोडतात!

मेकॅनिक : म्हणून तर आलो. ओरडा हवं तर.

संशोधक : ओरडून काय होणार? नमुना आत आहे ना अजून? मग मीटर शुक्रवारसारखाच चालू ठेवा आणि दिवा बंद करा.

(खटका पडतो. दोघं पडद्याकडे बघत राहतात.)

मेकॅनिक : रेघ आहे तिथेच आहे.

संशोधक : थोडी खाली आलीय. आलीय ना हो?

मेकॅनिक : थांबा, चष्मा लावतो... हो. नखभर.

संशोधक : तेवढीच उजेडाची. बाकी सगळी तुमच्या तारेची.

मेकॅनिक : मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

संशोधक : मला तर रडूच येतंय. पण काका, नखभर का होईना, उजेडाने तुटतोय तो! आता उलटं करा. मीटर बंद, दिवा चालू.

मेकॅनिक : दिवा स्थिर व्हायला तास जाईल. बारा वाजत आले.

संशोधक : वाजू देत. पेपर आज जात नाही, सरांना मी सांगते.

मेकॅनिक : माझं नाव सांगा, हं.

संशोधक : सांगणारच आहे. आधी बघू तर द्या, नखभर म्हणजे नक्की किती.