बोल्टच्या भोकात काठोकाठ तेल

माझं माहेर डोईफोडियाचं, जंगलाच्या कडेला, घरी बैलगाडी अन् तिच्या चाकायले वंगण घालायचं काम माझं, अन् बाप सगळ्यायले सांगे का पोरीनं हात लावला का गाडी कुरकुरत नाही, तं काय सांगू तुम्हाले, तेवढ्या एका तारीफेवर मी स्वतःले मोठी मिस्त्रीण समजत होते. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले तं नवऱ्याचं मोटारींचं गॅरेज, घराले लागूनच. चहा द्यायले जायची अन् तिथंच बसून राहायची. सासूबाई म्हणत, सून आणली का पाना आणला?

मंग एकदा यांचा उजवा हात मोडला, कोपरापर्यंत प्लास्टर, अन् बहादरपूरच्या पाटीलदादांची मोटार तशीच उभी, इंजिन उघडलेलं. दादा केळीवाले, त्यांच्या शब्दावर आमचं निम्मं गिऱ्हाईक. हे म्हणाले, दुसऱ्या गॅरेजात पाठवू. म्हटलं, कायले? तुम्ही सांगा, मी कसते. सासूबाई म्हणाल्या, बिघडली तं पुन्हा गॅरेजात पाय ठेवायचा नाही, कबूल? मी म्हटलं कबूल. वय बावीस, अन् अक्कल त्याच्या निम्मी.

तुम्ही माझं लिहून घ्यायले आला, तं आता लिहा बरं नीट. खाली ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, वर हेड म्हणजे झाकण, मधे पाणी अन् तेल वेगळं ठेवणारं पातळ गास्केट, अन् दहा बोल्टांनी ते सगळं दाबून धरायचं. यांनी सांगितलं, बोल्टाच्या आट्यायले तेलाचा नुसता हात लाव, मधल्या बोल्टापासून सुरू कर, समोरासमोर करत बाहेर जा, एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. मी शहाण्यासारखी मान हलवली, अन् हे जेवायले गेले तशी हेड ठेवायच्या आधी ब्लॉकच्या दहाही भोकांत तेल ओतलं, काठोकाठ. बैलगाडीचाच कायदा ना, जितकं तेल तितकं बरं! मंग टॉर्कवाला पाना, तो ठरलेल्या जोरावर टक् करतो, तं दहाही बोल्ट टक् टक् टक्. तोंडाले काळं लागलं होतं ते मी पुसलं नाही, गल्लीले दिसावं म्हणून!

गाडी चालू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली, तं तेल दुधाच्या चहासारखं, मतलब आतलं पाणी तेलात गेलं. हेड उघडलं, तं भोकांत तेल तसंच. हे म्हणाले, बोल्ट खाली तेलावर अडला, पान्याले वाटलं कसला गेला, अन् हेड राहिलं सैल. ब्लॉक फुटला नाही हे नशीब.

तेवढ्यात दादा दारात. हे हळूच म्हणाले, सांगू का गास्केटच खराब निघालं. म्हटलं नाही. पदर खोचला अन् बोलले, दादा, तेल मी ओतलं, चूक माझी, आता परत मीच कसते. सासूबाई मागं उभ्या. दादांनी मले वरून खालून पाहिलं. म्हणाले, कस बाई, पण मंग आशीरगडाच्या घाटात माझ्यासंगं तू बसायचं, गरम झाली तं धक्का तुलेच मारायचा आहे.

काडीले फडकं गुंडाळून एकेक भोक कोरडं केलं, वरून हवा मारली. नवं गास्केट, इंजिनात नवं तेल. मधून बाहेर, तीन फेऱ्या, प्रत्येक बोल्टावर खडूची खूण. घाटात लोक किल्ला पाहतात, मी इंजिनाच्या गरमीचा काटा पाहत होते. वर पोचलो, काटा मधोमध, हलला नाही. दादांनी पट्टी काढली, तेल स्वच्छ. मले म्हणाले, उतर आता, किल्ला पाहून घे, धक्का राहिला. अन् घरी आल्यावर सासूबाईंनी माझा चहा गॅरेजात आणून ठेवला.

आता हे नाहीत. गॅरेज मुलगा पाहतो. नव्या गाड्यांतले पुष्कळ बोल्ट एकदा कसले का ताणले जातात, परत लावायचे नाहीत, अन् शेवटी कोन मोजून फिरवायचे, हे सगळं गाडीच्या पुस्तकात असतं. तो पुस्तक वाचतो, मी खुर्चीत बसून फेऱ्या मोजते. गिऱ्हाईक विचारतं, आजीसमोर कसलं ना? तो हो म्हणतो, तेव्हा ते गाडीची किल्ली उचलतं. गुडघे गेले माझे, पण टक् अजून बराबर ऐकू येतं. देव तुमचीही गाडी सुखरूप ठेवो. अन् गरम झालीच तं उभी करा, थंड होऊ द्या, लगेच पाण्याचं झाकण उघडू नका, तोंड भाजेल तुमचं अन् नाव जाईल माझं.